दादाच्या ट्रंकेतलं खापर

संग्रहालयात काचेआड माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेलं तांबडं खापर दिसलं, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा दाभोळ बंदराचा धक्का आठवला.

माझा दादा मोहेंजोदडोच्या उत्खननात नकाशे काढायचा. ‘तुला पाच हजार वर्षांपूर्वीचं खापर आणतो,’ असं त्याने मला लिहिलं होतं. तो तिकडेच तापाने गेला. बोटीने नुसती ट्रंक आली. तळाशी, धोतरात गुंडाळलेलं, तसंच खवल्यांच्या नक्षीचं खापर होतं.

आईला वाटलं, दादाच्या चितेपाशी फोडलेल्या मडक्याचाच हा तुकडा. “नको गो हे घरात,” म्हणत तिने ते खाडीत सोडलं. कुणी रडलंही नाही.

आईची केवढी चूक, असं वर्षानुवर्षं वाटत आलं. आज वाटतं, तिचं फारसं चुकलं नव्हतं. मोहेंजोदडोचं तर अख्खं गावच गेलं होतं; ते खापरही मेलेल्यांच्याच घरातलं.