पत्र्याचा वाघ

मंगरूळपीरच्या उरुसात एका रंगाऱ्याचं छर्ऱ्याच्या बंदुकीचं दुकान असायचं. बाकीचे दुकानदार नेमबाजीला फुगे लावत, हा मात्र स्वतः रंगवलेली पत्र्याची जनावरं लावायचा. त्याच्या वाघाचा केसन् केस वेगळा दिसायचा. गर्दी मात्र आकाशपाळण्याकडे. चुकून कुणी बंदूक उचललीच, तर हा म्हणायचा, "जरा जपून मारजा, रंग नवा हाये." मग गिऱ्हाईक बिचकून फुग्यांकडे जायचं.

एकदा माझा छर्रा नेमका वाघाच्या डोळ्यात बसला आणि रंगाचा टवका उडाला. मी ओशाळलो. त्यानं त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि तो हसला.

"बरं झालं, मास्तर. मले वाटे, लोकाईले हा दिसूनच नाही राह्यला."

पुढच्या उरुसात सगळा वाघ नव्यानं रंगवलेला होता. डोळा तेवढा तसाच होता.