माशाशी वैर

माझी आई विमानाला घाबरत नाही, विमानवाल्यांना घाबरते. गेल्या वर्षी ती ताईच्या बाळंतपणाला जर्मनीला गेली होती. येताना तिचं विमान ऐनवेळी रद्द झालं, आणि मराठी-कन्नडशिवाय तिसरी भाषा न येणारी ही बाई अख्खी रात्र परक्या विमानतळावर पिशवी पोटाशी धरून बसून राहिली. अशा प्रवाशांना भरपाई मिळवून देणारी एक कंपनी आहे, हे मला सोलापूरच्या नव्या पेठेतल्या आमच्या कापडदुकानात एका गिऱ्हाइकानं सांगितलं. पैसे मिळाले तर त्यात कंपनीचा वाटा, नाही मिळाले तर आपल्याला तोशीस नाही. मला हा सौदा आवडला.

आईला नाही आवडला. “बेडप्पा, बेड,” ती म्हणाली. घाबरली की ती कन्नडवर येते. नको बाबा, नको. “पोरगी लेकराला घेऊन त्यांच्याच इमानानं येणार हाय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? ती हितं पोचू दे, मग भांड की.”

मी हसलो. म्हटलं, पायलटला तुझं नाव सांगायला कोण बसलंय? दोन दिवस मागे लागून मी तिला मोबाइलवर बोटानं सही करायला लावली. सही झाल्यावर तिनं ते बोट पदराला पुसलं.

ताई निघाली त्या दिवशी मी दुकानात बसून मोबाइलवर तिचं विमान बघत होतो. नकाशावर छोटंसं पिवळं विमान सरकत असतं, ते. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असताना ते समुद्रावर अचानक वळलं. मला वाटलं, नेटचा घोटाळा. पण ते आल्या वाटेनं परत निघालं, आणि थोड्या वेळानं नकाशावरून दिसेनासंच झालं.

ताईचा फोन बंद. विमान कंपनीचा फोन नुसता वाजत राहिला. समोरच्या बाई ब्लाऊजपीस मागत होत्या आणि मी त्यांच्यापुढे टॉवेल ठेवत होतो.

आई मागे गादीवर बसली होती. “काय झालं रे?” तिनं विचारलं.

“नेट नाही,” मी म्हणालो.

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तिनं डोळे मिटले. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी शिकलेला माणूस आहे. बोटानं केलेल्या सहीचा आणि हजारो मैलांवरच्या विमानाचा काही संबंध नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी काउंटरखाली मोबाइल धरून त्या भरपाईवाल्या कंपनीला लिहिलं, आमचा दावा मागे घ्या, आत्ताच्या आत्ता. ‘मागे’ हा शब्द तीनदा चुकला, तीनदा खोडला. मला कुणाची तरी माफी मागायची होती आणि मागायला दुसरा पत्ता नव्हता.

दुकान बंद करायच्या वेळेला ताईचा मेसेज आला. इंजिनात बिघाड निघाला म्हणून विमान परत नेलं होतं. सगळे सुखरूप होते, हॉटेलात होते. मी मोबाइल आईच्या हातात दिला आणि कापडाच्या ठाणांमागे जाऊन रडलो.

पुढच्या आठवड्यात ताई सोलापूरला आली. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातवाला मांडीवर घेतलं, आणि तिची भीती कुठल्या कुठं पळाली.

“त्या कंपनीचं काय झालं रे?” मांडी हलवत तिनं विचारलं. “आता तर दोन खेपा झाल्या की. डबल घ्यायला पायजेत.”

“मी मागे घेतलं सगळं.”

“आं? का रे?”

ताई हसायला लागली. मला हसू येईना.

“तिला परत जायचंय की, आई,” मी म्हणालो.

आईची मांडी हलायची थांबली. बाळानं डोळे उघडले.