घटपर्णीला मी खत घातलं

नातवाची घटपर्णी माझ्याकडे आहे, हे मागच्याच महिन्यात सांगितलं होतं. विसरलात ना? आणि म्हातारी म्हणे मी! (मी बोलतेय, नात टाइप करतेय. शुद्धलेखनाचं तिला विचारा.)

नातू कंपनीच्या कामाला बंगळूरला गेला. जाताना बजावलं, "आजी, हिला फक्त पावसाचं नाहीतर फिल्टरचं पाणी." मला दया आली. गुलाबाला घालते तसं मूठभर शेणखत घातलं. पानं काळी पडायला लागली.

आज नातीनं कुंडी उलटली, तर मुळं कुजलेली.

"आजी, ही किडे खाते. खतानं मरते!"

"अगं, पाहुण्याला नुसत्या पाण्यावर ठेवायची रीत बाकीच्या पुण्याची. आपली नाही."

कुजकी मुळं कापली, उरलेली धुतली आणि नव्या कुंडीत कोकोपीटमध्ये लावली. एकच घडा हिरवा उरलाय. आत डोकावले, तर मुंगी पडलेली. म्हणजे जेवतेय.

नातू रविवारी येतोय. तोवर जगली पाहिजे. तुम्ही कुणाला मायेनं खाऊ घालून आजारी पाडलंय का? खरं सांगा.

आणि माझ्यासाठी बेसनाचे लाडू पाठवा. डब्याचं झाकण सैल ठेवा. मुंग्या आल्या तर तिचंही भागेल.