बिनजाळीच्या गोलाचा राखणदार

मागच्या हंगामात आमचा घनसावंगीचा संघ जिल्हा फुटबॉल लीगच्या उपांत्य सामन्यात एमआयडीसीतल्या कामगारांशी खेळला. त्यांचा गोलकीपर मिलमधली पाळी संपवून थेट मैदानावर आला होता. चेंडू अडवला की तो पोटाशी धरून क्षणभर डोळे मिटायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सामना संपत आला, तरी बरोबरीच होती. माझा फटका खांबाला घासून मागे गेला. गोलाला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, हे रेफ्रींना कळेना. त्यांचे खेळाडू "बाहेरून, बाहेरून" ओरडत होते. तेवढ्यात त्यांचा हा गोलकीपरच म्हणाला, "साहेब, आतून गेला. गोल हाय."

रेफ्रींनी गोल दिला आणि त्यांचा संघ स्पर्धेबाहेर गेला.

"तुला कुणी विचारलं होतं का रे?" त्यांचा कॅप्टन खेकसला.

"जाळी न्हाई ना भाऊ. मंग सांगायला कुणीतरी पाहिजे," हातमोजे काढत तो शांतपणे म्हणाला. मग माझा हात दाबून हसला. "फायनल जिंका बरं. न्हाईतर हे लोक मला मिलमधी घुसू देणार न्हाईत."

त्याने ते गमतीत म्हटलं असेल, पण मी ते मनावर घेतलं. फायनलला पायात गोळे आले तरी धावत राहिलो. आम्ही जिंकलो. करंडक हाती आला तेव्हा वाटलं, उद्या तो खुशाल कामावर जाईल.