सरांचं ग्लायडर आणि दोन सर्व्हो

आठ महिन्यांत आम्ही रिमोटवर उडणारं, बिनइंजिनाचं छोटं विमान, म्हणजे ग्लायडर, एकच बांधलं, किस्से मात्र आठवड्याला एक होत गेले. कुणी लिहून ठेवले नाहीत, तरी डोक्यातून उतरत नाहीत. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नगरला गायकवाड सर टेक्निकल शाळेत शिकवायचे, मी मोटार रिवाइंडिंग करायचो. तिसरा तिसगावचा ज्ञानदेव सुतार. त्यानं विमान फक्त खालून पाहिलेलं.

*

पुण्याहून दोन सर्व्हो आले, रिमोटच्या हुकमानं विमानाची शेपूट हलवणारे. काडेपेटीएवढे. सरांनी एक पेपरवर उघडला. आत इवलीशी मोटार, दातेरी चाकं आणि रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा रेझिस्टन्स.

सर म्हणाले, "हा रेझिस्टन्स बाहेरच्या या दांड्याबरोबर फिरतो. दांडा कुठं आहे ते सर्किटला यावरून कळतं."

ज्ञानदेव म्हणाला, "म्हंजी आपन कुठं हाय ते ह्याला ठावं हाय. आमच्या गावात लई जनांना न्हाई."

*

मग सरांनी तो सर्व्हो चालू केला. "ज्ञानदेव, बोटानं दांडा ढकल."

दांडा हलेना. बारीक गुणगुणत उलटा रेटू लागला.

"रिमोट सेकंदाला पन्नास वेळा सांगतो, इथंच राहा. जरा ढळला की मोटार त्याला परत जागेवर आणते."

ज्ञानदेवानं बोट काढलंच नाही. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. शेवटी हळूच म्हणाला, "चिमनीचं पिल्लू धरल्यागत वाटतंय."

*

एकदा एक सर्व्हो थरथरायला लागला. आम्ही तारा तपासल्या, सेल बदलले. सुशीलावहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, नर्स होत्या. ड्युटीवरून आल्या आणि चहा ठेवता ठेवता विचारलं, "नेमका कुठं थरथरतो?"

"मधोमध," मी म्हणालो.

"मग तिथंच पुसा की."

दांडा सगळ्यात जास्त वेळ मध्येच असतो. रेझिस्टन्सची पट्टी तिथंच मळली होती. वहिनींनी कापसाला स्पिरिट लावून पुसली. थरथर थांबली.

"पेशंटला आधी विचारायचं असतं," एवढंच बोलल्या.

*

बाजरी निघाल्यावर तिसगावच्या माळावर गेलो. ज्ञानदेवानं दोरी धरून पळत ग्लायडर चढवलं. दोरी सुटली आणि सगळं शांत झालं. पांढरे पंख, निळं आभाळ. सरांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग रिमोटवरचा सेलचा काटा शून्यावर आला.

सेल चार्ज करायचं काम माझं होतं. मी विसरलो होतो.

सर रागावले नाहीत. "आज्ञा थांबली. आता सर्व्होही काही करणार नाही," म्हणाले आणि वर बघत राहिले. ग्लायडर आपलं आपण मोठमोठे गोल घेत, वाऱ्याबरोबर डोंगराकडे गेलं. बघता बघता दिसेनासं झालं.

आम्ही तासभर चाललो. एका बांधावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर ग्लायडर. एकही काडी मोडली नव्हती.

"वरनं आलं अन् गप बसलं," ती म्हणाली. "म्या इचारलं, कुनाचं रं तू? तर शेपूट हलवलं."

सरांनी पिशवीतून रिमोट काढून पाहिला. बंदच होता.

"कुठल्या बाजूला हलवलं, आजी?"

म्हातारीनं आम्ही आलो त्या वाटेकडे बोट केलं.