थे म्हणजे होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही दुसरंच काही बोलले. लोक मला गरीब म्हणतात — तोंड वर करून बोलत नाही म्हणून. न बोलणारी बाई सगळ्यांना गरीबच वाटते. वाटू दे.

कोर्टाचा एक शब्द आहे — जैसे थे. वाद चालू असताना साहेब असा हुकूम देतात. निकाल लागेपर्यंत आज जसं चाललंय तसंच चालू द्यायचं, कुणी काही बदलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग तसं सरळ लिहायला काय होतं? पण नाही. मराठी हुकमात मधेच हिंदीतली तीन अक्षरं टाकायची, आणि ज्याच्या जिवावर बेतलंय त्यानं घरी जाऊन डोकं खाजवत बसायचं. त्या काळ्या कोटवाल्यांची मला किळस येते. आणि तरी — त्यांनी निदान शब्द बरोबर वापरला होता.

अक्का माझी थोरली जाऊ. दीर वारल्यावर आपल्या वाट्याच्या रानात ती एकटी राबायची. तिथं तिचा स्वतःचा आड होता आणि त्याच्या पाण्यावर तिनं लिंबाची झाडं वाढवली होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्या सुमारास पावसानं दगा दिला. तिचा आड आटला. आमच्या रानातल्या विहिरीला मात्र तळाशी का होईना, पाणी होतं. वाटणीत विहीर दोघांची ठरलेली, म्हणून अक्का तिथून घागरी नेऊन एकेका झाडाला घालू लागली. आमच्या मालकांना ते खुपलं. विहिरीवर काट्या टाकतो म्हणाले. अक्का सरळ तालुक्याच्या कोर्टात गेली. मी एसटीत मुखेडचं, माझ्या माहेरचं, तिकीट मागताना अडखळते — आणि ही बाई कोर्टात!

हुकूम झाला — विहिरीचं जैसे थे. मालक चपला भिरकावत घरात आले. "भरू द्यावं लागंल म्हणं तिला. वकील म्हणला, आज भरतीय ना, मग भरू द्या." म्हणजे मला अर्थ ठाऊक होता. एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी अक्का कागद घेऊन माझ्या चुलीपाशी आली. तिच्या वकिलानं "जैसे थे मिळालं, जावा आता" एवढंच सांगून तिला वाटेला लावलं होतं.

"ए धाकटे, चार बुकं शिकलीस नव्हं? सांग की, काय म्हणतंय कोर्ट."

मी वाचलं. एक अक्षर बदललं नाही. मग म्हणाले, "थे म्हणजे होते, अक्का."

"ते तर शेजारची चांदबी बी सांगंल. होते म्हंजी कवा होते?"

"आधी. दुष्काळाच्या आधी."

तव्यावरची भाकरी करपत होती, मी उलटली नाही.

"आधी तर मी माझ्या आडावरच भरत होते," ती म्हणाली.

"मग," मी म्हणाले.

मग — बस्स. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोललेच नाही. थे म्हणजे होतेच ना? काय ती हुशारी! चौथीतल्या पोरीची वकिली. का केलं? पाण्यासाठी? पाणी दोघींना पुरत होतं. नवऱ्याच्या भीतीनं? तो मला काही म्हणालाच नव्हता. तिचं ते कोर्टात जाणं — ते मला सोसलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. आणि मला ते आवडलं.

अक्का पुन्हा विहिरीवर आली नाही. पुढच्या तारखेलाही गेली नाही — आपण हरलो असं धरून बसलेलं माणूस कशाला जाईल? मालकांना कळलं तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. "चौथी शिकलेली बायकू कामाला आली की!" उभ्या जन्मात त्यांनी केलेलं हे एकच कौतुक. असल्या माणसाचं कौतुक. आणि मी काय केलं? लाजले.

लिंबं वाळली. विहीर पाऊस येईपर्यंत आटली नाही.

अक्का लातूरला बांधकामावर गेली. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, कचेऱ्यांना भिंती. सणावारी गावी आली की माझ्याच ओसरीवर बसायची, सिमेंटनं फुटलेल्या हातांना तेल लावत. "कोर्टानं माझं पाणी तोडलं. त्या जज्जाच्या तोंडात माती पडो," म्हणायची. आणि मग माझ्याकडं वळून — "तू समजावलंस म्हणून बरं, धाकटे. न्हाईतर मी येडी रोज भांडत बसले असते."

मी मान डोलवायची.

शेवटच्या आजारपणातही तिनं शिव्या दिल्या त्या कोर्टालाच. मला एकही नाही. मी उशाशी बसले होते. तेव्हाही मान डोलावली.