आमच्या मंडळीच्या मोबाईलवर माझ्याच नंबरवरून आलेला प्रश्न

इथले अनुभव मी अधूनमधून वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. पिंपळाखालची बाई, पांढरी साडी, उलटे पाय... मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. "बाई, मी वही आणली होती पण ती आपोआप हरवली" असं सांगणारी शेकडो पोरं पाहिलीत. आपोआप काही होत नसतं, कोणीतरी करतं आणि नाकबूल होतं — हे माझं मत तेव्हाही होतं, आजही जवळजवळ तेच आहे. हे लिहितेय ते भुताखेतांसाठी नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो, म्हणून लिहितेय.

भिवंडीतली गोष्ट, दोन हजार सातच्या आसपासची. आमचं मराठी चर्च लहान, शंभर-सव्वाशे माणसं. एका भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी आमची उपासना आणि त्यांची शिफ्ट एकाच वेळी. खडखड खडखड. पाळकांना माईक होता म्हणून संदेश, म्हणजे त्यांचं प्रवचन, कसाबसा ऐकू यायचा, पण मागच्या बाकावरून कोणी काही विचारलं तर पुढे फक्त ओठ हलताना दिसायचे.

त्या वर्षी नवीन पाळक आले. तरुण, उत्साही. त्यांनी तोडगा काढला की मंडळीचा एक मोबाईल ठेवायचा आणि संदेश चालू असताना ज्याला शंका असेल त्याने एसेमेस करायचा. शेवटी ते उत्तरं देणार, विचारणाऱ्याचं नाव न घेता. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. देवाच्या घरात मान खाली घालून बटणं दाबायची, हे मला काही पटलं नव्हतं. पण अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं. पहिल्या बाकावर बसायचं, आलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवायचे, चिठ्ठ्या पाळकांना द्यायच्या आणि मेसेज पुसून टाकायचे, कारण त्या फोनचा इनबॉक्स लगेच भरायचा.

आता ताईबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी मोठी बहीण एस्तेर. दिघाशीला नर्स होती. त्याच्या अकरा वर्षं आधी, ऐन पावसाळ्यात, ती राहत होती तिथल्या विहिरीत पडून गेली. काठ शेवाळलेला, हातात कळशी. पण त्याच्या दोन महिने आधी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेवढ्यावरून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी ठरवून टाकलं की तिने जीव दिला. कोणी पाहिलं नव्हतं, चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. आणि समजा दिला असता, तरी? जीव देणाऱ्याला आत जागा नाही म्हणून तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, गटाराच्या बाजूच्या पट्टीत पुरलं. बाबा म्हणाले, "आपल्याला याच मंडळीत राहायचंय, तू काही बोलू नकोस." मी बोलले नाही. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला बाहेरच्या बाहेर फुलं ठेवून यायचे.

कबरस्तान अंजूरकडच्या रस्त्याला. शेजारचं शेत पांडूदादांचं. शेत कसलं, आता गोडाऊनच. त्या फेब्रुवारीत फुलं ठेवायला गेले तर ते स्वतःहून जवळ आले.

"बाय, यो रस्ता भितीला लागून जानार हाय. गोडावनाचं ट्रक जातील. तुमचा मानूस हाय ना थय? तुमच्या लोकांना सांगून आत घ्या. मंग बोलू नका का पांडूनी सांगला न्हाय."

"कधी?"

"पावसाच्या आत."

म्हणजे हातात तीन-चार महिने होते. पंचांनी नुसता एक ठराव केला तरी ताई आत येणार होती, नाहीतर तिच्या अंगावरून ट्रक जाणार होते. मी काय केलं? घरी आले आणि तेव्हापासून पंचांत असलेल्या सेक्रेटरी काकांना विचारण्याचे शब्द जुळवत बसले. पाच रविवार गेले.

सहाव्या रविवारी, संदेश अर्ध्यावर असताना, फोन थरथरला. इंग्रजी अक्षरांत मराठी, तीन शब्द — एस्तेर भिंतीबाहेर का.

हातातलं पेन थांबलं. पहिल्यांदा संताप आला. कोणीतरी माझी थट्टा करतंय, चिठ्ठी माझ्याच हाताने लिहून घेतंय. मी लिहिली नाही, मेसेज पुसला. नंबर कोणाचा तेही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तेच तीन शब्द. या वेळी नंबर पाहिला, चिठ्ठीवर उतरवला आणि घरी येऊन शोधला. तो माझा होता. हसू नका — मोबाईल घेऊन मला दोनच महिने झाले होते आणि स्वतःला कोण फोन करतं? नंबर पाठ नव्हता. फोन तर पूर्ण वेळ माझ्या पर्समध्ये बंद करून ठेवलेला होता. पाठवलेल्या मेसेजमध्ये काही नाही. मी शिक्षिका आहे, पडताळा घेतल्याशिवाय सोडत नाही. तिसऱ्या रविवारी फोनमधून सिम काढलं, कागदात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, फोन घरी कपाटात कुलूपबंद केला आणि उपासनेला गेले.

नेमके त्या दिवशी सेक्रेटरी काका माझ्या शेजारी बसले. प्रश्न कमी येतायत, बाई काही गाळतायत का, अशी कोणीतरी शंका काढली होती. त्या उपासनेतला चौथा मेसेज आला तो त्यांनीच उघडला. तेच तीन शब्द. वाचला. मग खिशातली मंडळीची यादी काढून नंबर ताडून पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कॉपी करणाऱ्या पोराकडे बघते.

"बाई, हे शोभतं का तुम्हाला?" ते कानाशी येऊन म्हणाले. "विचारायचं तर सरळ विचारायचं. हे लपूनछपून कशाला?"

मी सिम काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे माझं सिम. आता सांगा कुठून पाठवलं."

"दुसरं असेल."

दुसरं असेल म्हणे. त्या काळात माझ्याकडे एक सिम होतं तेच मला सांभाळता येत नव्हतं. शिवाय मी ताईला जन्मात कधी एस्तेर म्हटलेलं नाही. पण त्या क्षणी हे काही सुचलं नाही. कानात एवढंच राहिलं की ज्या माणसाने तिला बाहेर ठेवलं, तो मला सरळ विचारायला सांगतोय. मी उभी राहिले. माझा आवाज साठ पोरांच्या वर्गाचा आहे, त्याला माईक लागत नाही.

"सरळ विचारते," मी म्हटलं. "माझी बहीण भिंतीबाहेर का? पंचांपैकी कोणीही सांगावं. रस्ता होतोय तिच्यावरून. आत्ताच सांगा."

लूम चालूच होते. तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, हे माना वळल्या त्यावरून कळलं.  सेक्रेटरी काका पायाकडे बघत होते. शेवटी पाळकच बोलले, आणि तेही गोंधळून.

"बाई, कोण बहीण? मला कोणी काही सांगितलं नाही."

अकरा वर्षांत इतकी फुलं नेली, आणि नव्या माणसाला तिचं नावसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. त्यात मीही आले. उपासना संपल्यावर पाळक माझ्याबरोबर रिक्षाने कबरस्तानात आले, पट्टी पाहिली, पांडूदादांशी बोलले. त्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. दोन ठराव झाले. पहिला, उपासनेत एसेमेसने प्रश्न विचारणं बंद. दुसरा, रस्त्याच्या कामामुळे एक कबर आत हलवावी. रस्त्याच्या कामामुळे. चूक झाली, असं त्या कागदावर कुठेही नव्हतं. रीतसर परवानगी काढून पावसाच्या आधी ताईला आत आणलं. मधल्या वर्षांत बाबा गेले होते, त्यांच्या शेजारी.

मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन मी तिन्ही रविवारचं विचारलं. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "मॅडम, इस नंबर से कुछ गया ही नहीं है." मी तिला परत बघायला लावलं. तिने परत बघितलं, तेच. कुठला बिघाड, कोणाची लबाडी, आणखी काही — मला माहीत नाही. ज्यांना तंत्रज्ञान कळतं अशा दोघांना विचारलं, ते दोघं दोन वेगळी कारणं सांगतात आणि दोन्ही माझ्या गळी उतरत नाहीत.

पण चीड याची येते की आजही मंडळीत विषय निघाला की लोक विचारतात, "बाई, तो मेसेज पाठवला तरी कोणी?" सगळ्यांना फोनचं कुतूहल. प्रश्नाचं उत्तर द्यावं असं कोणालाच वाटलं नाही. आणि लोकांना बोलता बोलता मी स्वतःपाशी येऊन थांबते. ताईला मी एकच बहीण होते. तो प्रश्न माझ्या नंबरवरून आला यात मला नवल वाटत नाही. तो तिथूनच यायला हवा होता, अकरा वर्षं आधी. फक्त पाठवला मी नाही.